किडनीच्या पेशंटला ‘समजावलं’, हे ठरवायचं कुणी?

रानवारा: बाबांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढला की किडनी बिघडली) साडेचारवर गेलं तेव्हा दवाखान्यात त्यांचं पंधरा मिनिटं समुपदेशन झालं. फाइलवर ‘रुग्णास माहिती दिली’ असा शिक्का, खाली बाबांची सही. मीठ कमी करा म्हणाले, म्हणून बाबा लो-सोडियम मीठ घेऊन आले. त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, हे कुणी बोललंच नव्हतं. वर रोज एक शहाळं, ‘किडनी धुऊन निघते’ म्हणून! शहाळ्यातही पोटॅशियम, आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. पुढच्या रिपोर्टात पोटॅशियम ६.१, हृदयाला धोका होईल इतकं. सही कसली मोजता? पेशंटला विचारा, “उद्या पालेभाजी कशी कराल?” चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी ओतून देऊ, असं तो आपणहून म्हणाला तर शिकवलं म्हणा.

सिस्टर_रात्रपाळी: तोंडी परीक्षेत आमचे डायलिसिसचे पेशंट पैकीच्या पैकी घेतात हो. पाणी किती प्यायचं, पाठ असतं. तरी सोमवारी अंगात पाणी साठून तीन किलो वजन वाढवून येतात आणि हसतात, “सिस्टर, पुतणीचं लग्न होतं.” हे आमच्या शिकवण्याच्या खात्यावर मांडणार? रिपोर्टवरून आम्हाला मार्क द्यायला लागलात तर अवघड पेशंट कुणी घेणार नाही.

आडवाटेचा: लग्नाचं सोडा. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायचं छोटं ऑपरेशन; तो सुई टोचण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. वर्षभर ओपीडीत येणाऱ्या माणसाचं पहिलं डायलिसिस, फिस्टुला तयार नाही म्हणून, गळ्यात नळी घालून होत असेल, तर ते मोजाच. आणि पोटातून घरी करायचं डायलिसिस? केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६चा, त्यात पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ला आल्या. हा पर्याय आहे, एवढं तरी किती जणांच्या कानावर पडतं?

सिस्टर_रात्रपाळी: पोटाच्या डायलिसिसचं मान्य, तिथे आम्ही कमी पडतो. फिस्टुलाचं नाही. एका मावशींना तीनदा सांगितलं. “हाताला कापाकापी नको” म्हणत झाडपाल्याच्या औषधामागे लागल्या. आल्या त्या धापा टाकतच. गळ्यात नळी घालावी लागली. तुमच्या हिशेबात नापास कोण, मी?

रानवारा: ताई, तीनदा काय सांगितलंत त्यावर आहे. फिस्टुला केला की दुसऱ्या दिवसापासून डायलिसिस मागे लागतं, अशी बाबांची समजूत. आठ महिने टाळत होते. डॉक्टरांना वाटलं, घाबरतात. शेवटी तिथल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, “काका, माझ्या दिराचा वर्षभर नुसताच होता की हातात.” पुढच्या आठवड्यात बाबा तयार.

सिस्टर_रात्रपाळी: हं. असं समजून बसतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोघं जण सध्या फिस्टुलाला नाही म्हणतायत, त्यांना उद्या विचारते.