मदत हवी आहे: आमच्या फरसाणाच्या दुकानाचं नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं निघालं, नोटीस आलीय

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं फरसाणाचं दुकान आहे, सासऱ्यांनी १९९४ ला सुरू केलेलं, नाव कुलदेवीचं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. त्यांचंही नाव तेच, २००९ चं रजिस्ट्रेशन आणि वापर २००३ पासून असं लिहिलंय. पंधरा दिवसांत बोर्ड उतरवा, छापलेले पाऊच नष्ट करा आणि दहा लाख भरपाई द्या म्हणे. दिवाळीचे पाऊच घरात येऊन पडलेत, मला चार दिवस झोप नाही.

आम्ही नाव कधी रजिस्टर केलंच नाही. सासरे म्हणायचे देवीचं नाव, ते कुणाच्या मालकीचं कसं होईल.

जेवढं वाचलं त्यात ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आमच्या उपयोगाचं वाटतंय. त्यांचा वापर आणि रजिस्ट्रेशन यातली जी तारीख आधीची असेल तिच्याही आधीपासून आपण सलग नाव वापरत असू तर ते आपल्याला अडवू शकत नाहीत, म्हणजे आम्हाला २००३ च्या आधीचं दाखवायचंय. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये हेच धरलं, रजिस्ट्रेशनपेक्षा आधीचा वापर मोठा. लोक मला पुण्याच्या बर्गर किंगचं सांगून धीर देतायत, पण तिथे त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीचं भारतातलं रजिस्ट्रेशन १९७९ चं आणि पुण्याचं दुकान १९९२ च्या आसपासचं, आमच्या बरोब्बर उलट. शिवाय २०११ चा दावा, जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टात दुकान जिंकलं, डिसेंबरात हायकोर्टानं नाव वापरायला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या मनाईला स्थगिती दिली. एवढी वर्षं कोर्टात आम्ही कसे टिकणार?

खरी अडचण पुराव्याची आहे. २०१९ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं, जुनी बिलबुकं, शॉप ॲक्टचं लायसन्स सगळ्याचा चिखल झाला. हाताशी राहिलं ते म्हणजे घरी देवघराच्या कपाटात ठेवलेली १९९७ ची वजनकाट्याच्या स्टॅम्पिंगची पावती, २००१ च्या गणपती मंडळाच्या स्मरणिकेतली आमची जाहिरात, आणि नणंदेच्या लग्नातला एक फोटो ज्यात मागे बोर्ड स्पष्ट दिसतो पण तारीख नाही. बेसन देणाऱ्या आडत्याकडे जुन्या खातेवह्या आहेत, त्यात आमच्या दुकानाच्या नावानं नोंदी आहेत, तो द्यायला तयार आहे. दुसऱ्याच्या वहीतली नोंद कोर्टात चालते का? शॉप ॲक्टच्या ऑफिसातून किंवा महापालिकेतून जुन्या लायसन्सची सर्टिफाइड कॉपी माहिती अधिकारात कुणाला मिळालीय का, किती दिवस लागले?

अजून एक, २०२१ पासून आम्ही पुण्या-मुंबईला कुरिअरनं माल पाठवतो. मग कलम ३४ चं संरक्षण फक्त सांगलीपुरतं धरतील का? ह्याचं उत्तर मला कुठेच धड सापडलं नाही आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे.

दीर म्हणतात आधी कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टातला अर्ज) टाका, नाहीतर आपल्याला न ऐकताच मनाई हुकूम आणतील. पण कलम १३४ मुळे ते त्यांच्या गावच्या कोर्टातही दावा लावू शकतात ना, मग कॅव्हिएट कुठे टाकायचं, दोन्हीकडे?

नावाच्या आधी ‘सांगलीचे’ जोडून मिटवून टाका असाही सल्ला आलाय. तसं केलं तर जुनं नाव सोडल्यासारखं होईल का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी प्लीज सांगा. पंधरापैकी सहा दिवस गेलेत, मंगळवारी वकिलांकडे जायचंय, त्याआधी कागद गोळा करायचेत.