विषय: १ जुलैच्या कार्यक्रमात टॉमी डग्लस?

सप्रेम नमस्कार मंडळी,
कॅनडा डेला मुलांना एका नेत्याची ओळख करून द्यायची आहे. टॉमी डग्लस यांचं नाव पुढे आलंय. मुलांना रस वाटेल असं काय सांगता येईल?
— कार्यक्रम समिती

ताई,
डग्लसच घ्या, आणि सुरुवात त्यांच्या पायापासून करा. जन्म १९०४, स्कॉटलंडचं फॉल्कर्क. लहानपणी पायाच्या हाडाला संसर्ग झाला. पुढे विनिपेगला दुखणं उलटलं, पाय कापायची वेळ आली. चांगल्या सर्जनची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. शेवटी एका सर्जननी विद्यार्थ्यांना शिकवता येईल म्हणून फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. याच मुलानं १९२२ साली मॅनिटोबा प्रांताचं लाइटवेट बॉक्सिंगचं अजिंक्यपद मिळवलं!

पुढे वेबर्नला पाद्री, १९३५ ला खासदार, १९४४ ला सस्कॅचवन प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री. मला त्यांची सबुरी फार मोठी वाटते. १९४७ साली आधी फक्त हॉस्पिटलचा विमा आणला. डॉक्टरांची बिलंही सरकारी विम्यातून भरायची योजना तिजोरी सावरल्यावरच हाती घेतली. ती सुरू झाली १ जुलै १९६२ ला, म्हणजे आपल्या कार्यक्रमाच्याच तारखेला. त्याच दिवशी तिच्या विरोधात डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस! तोवर डग्लस एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या देशपातळीवरच्या पक्षाचे नेते झाले होते आणि जूनमध्ये रिजायनातून निवडणुकीत पडलेही होते. संप निभावला तो नवे प्रीमियर वुड्रो लॉइड यांनी. त्यांचं नाव कुणी घेत नाही, तुम्ही आवर्जून घ्या. आपल्या खिशातलं सरकारी आरोग्यविम्याचं हेल्थ कार्ड या दोघांमुळे आहे.
— रिजायनाहून, काका

काका,
छान लिहिलंत. पण १९३३ चा त्यांचा एम.ए.चा प्रबंध? 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची नसबंदी करावी, असं त्यात आहे. ते झाकून नुसता देवमाणूस उभा करायचा का?
— एक सभासद, टोरांटो

नाही, झाकायचं नाही. मोठ्या मुलांना सांगाच. ते विचार भयंकर होते, आणि शेजारच्या अल्बर्टात तसा कायदाही होता. पण आरोग्य खातं स्वतःकडे आल्यावर तशा शिफारशी समोर आल्या, तेव्हा डग्लसनी त्या फेटाळल्या. सस्कॅचवनमध्ये तो कायदा कधीच झाला नाही. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगा.

छोट्यांसाठी त्यांची उंदरांच्या राज्याची गोष्ट घ्या: उंदीर दर निवडणुकीत मांजरांनाच निवडून देतात, कधी काळी, कधी पांढरी. मूळ गोष्ट खासदार क्लॅरन्स गिलिस यांची, डग्लसनी ती गाजवली. पाच मिनिटांचं नाटुकलं सहज होईल. मांजरांचे मुखवटे आमच्याकडे लागले.
— काका