योलांदा लोपेझ यांची ग्वादालुपे माता

चिकाना, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या, चित्रकर्तींनी ग्वादालुपे मातेची, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या रूपाची, प्रतिमा केवळ खळबळ माजवण्यासाठी वापरली, हे मत मला पटत नाही. योलांदा लोपेझ यांनी १९७८ मध्ये केलेल्या तीन चित्रांपैकी, ज्यात त्यांची आई शिलाई मशीनवर बसून मातेचा तारे जडलेला निळा शेला शिवते आहे, ते चित्र निरखून पाहावे. मूळ प्रतिमेतले तेजोवलय तिथे एका कष्टकरी बाईभोवती आले आहे. दुसऱ्या चित्रात आजी हातात सुरी आणि सापाचे सोललेले कातडे घेऊन शांत बसली आहे. स्वतः लोपेझ मात्र धावण्याचे बूट घालून, मुठीत साप धरून, मूळ प्रतिमेतल्या देवदूताला ओलांडून झेपावतात, आणि नजर झुकवून स्थिर उभ्या असलेल्या मूळ मातेपासूनचा हा फरकच मला फार मोलाचा वाटतो.