बिलातला इफ-एल्सचा गुंता : स्ट्रॅटेजी घालायची की फॅक्टरी?

उद्यमबाग, बेळगाव (प्रश्न)
नमस्कार. वर्कशॉपांसाठी जावात बिलिंग सॉफ्टवेअर आहे. विक्रेता कर्नाटकातला, जीएसटीचा राज्य-कोड 29. गिऱ्हाईक बेळगाव-हुबळीचं असलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा), कोल्हापूरचं (27) किंवा गोव्याचं (30) असलं तर आयजीएसटी, म्हणजे एकच आंतरराज्य कर. हा इफ-एल्स बिल, कोटेशन, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करायची नोंद) अशा तीन ठिकाणी पसरलाय. एकीकडं बदललं की दुसरीकडं राहून जातं. कोण स्ट्रॅटेजी पॅटर्न (कोड मांडायची ठरलेली पद्धत) म्हणतं, कोण फॅक्टरी पॅटर्न. नेमकं काय घालावं? आणि टॅक्समॅनेजर क्लास सिंगलटन आहे, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये त्याचा एकच ऑब्जेक्ट; तो तसाच ठेवला तर चालेल काय?

निपाणी
दोन्ही लागतील, कामं वेगळी आहेत. कर कसा काढायचा हे स्ट्रॅटेजीत, त्यातली कुठली उचलायची हे फॅक्टरीत. टॅक्सरूल नावाचा इंटरफेस करा, त्यात एकच मेथड: करपात्र रक्कम आणि दर घ्यायचा, कराच्या ओळी परत द्यायच्या. त्याचे दोन क्लास, राज्यातला आणि राज्याबाहेरचा. तिन्ही ठिकाणचा इफ-एल्स उचलून फॅक्टरीत एकदाच ठेवा. इफ पूर्ण जाणार नाही, आणि जायलाही नको. तो एका जागी आला की काम झालं.

पैसे डबलमध्ये ठेवू नका, दशांश अचूक धरणारा बिगडेसिमल वापरा. आणि राज्यातला कर म्हणजे आयजीएसटीचा निम्मा, असं कोडमध्ये लिहू नका. 1005.50 रुपयांवर 18 टक्के आयजीएसटी 180.99 होतो. तेच 9 टक्क्यांनी दोनदा काढलं तर 90.495 चे 90.50 होतात, बेरीज 181.00. हा एक पैसा टेस्टमध्ये हमखास अडवतो. म्हणून राउंडिंग ज्या त्या क्लासच्या आत हवं.

चिकोडी
वरचं बरोबर, पण फॅक्टरीत नुसती जीएसटीआयएनची (जीएसटी नोंदणी क्रमांकाची) पहिली दोन अक्षरं, म्हणजे राज्य-कोड, ताडून बघू नका. हत्तरगीच्या सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) युनिटचा कोडही 29 च, तरी तो व्यवहार आंतरराज्य धरतात. उलट, माल कोल्हापूरला उतरला पण ऑर्डर आणि बिल बेळगावच्या नोंदणीकृत पार्टीचं असलं, तर पुरवठ्याचं ठिकाण बेळगावच. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला तर जीएसटीआयएनच नसतो. तिथं ती दोन अक्षरं काढायला सबस्ट्रिंग मारली की नल पॉइंटरची एरर येऊन बिल अडकतं. आधी पुरवठ्याचं ठिकाण ठरवणारी वेगळी मेथड लिहा. फॅक्टरीला तिचं उत्तर आणि सेझ आहे की नाही, एवढंच द्या.

खानापूर
सिंगलटनबद्दल कुणी बोललं नाही, खरा धोका तिथं आहे. त्या क्लासमध्ये चालू गिऱ्हाइकाचं फील्ड आहे का बघा. असलं तर दोन काउंटरवर एकदम बिल करताना पहिला थ्रेड (एका काउंटरचं चालू काम) त्या फील्डमध्ये 29 ठेवतो, हिशोब व्हायच्या आत दुसरा 27 ठेवतो, आणि बेळगावच्या बिलावर आयजीएसटी छापला जातो. एकट्यानं टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. फील्ड काढा, सगळं आर्ग्युमेंटमधून द्या. मग एकच ऑब्जेक्ट सगळ्यांनी वापरला तरी बिघडत नाही. गेटइन्स्टन्स (तो ऑब्जेक्ट देणारी मेथड) जागोजागी बोलावण्यापेक्षा तो ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून आत द्या, टेस्टमध्ये खोटा रूल घालता येतो.

उद्यमबाग, बेळगाव
फील्ड आहे ओ, काढतो. क्रेडिट नोटलाही फॅक्टरीच बोलवू काय?

निपाणी
नको. मूळ बिलाबरोबर कुठला रूल लागला ते डेटाबेसात लिहून ठेवा आणि क्रेडिट नोटला तोच वाचा. मधल्या काळात कुणी मास्टरमध्ये पार्टीचा पत्ता बदलला, तर फॅक्टरी नवा रूल देईल आणि आयजीएसटीच्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटीची क्रेडिट नोट निघेल.