गारा, बर्फ आणि ट्रॅक्टरची केणी: तुमचे अनुभव लिहा

उगावकर
आतेभावाने कॅनडातून व्हिडिओ टाकला. घरापासून रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ, आणि हा ट्रॅक्टरवर बसून त्याचे फवारे उडवतोय. बघता बघता २०१४ चा मार्च आठवला. गारा थांबल्या तेव्हा आमचं अंगण पांढरंफेक. गोठ्याच्या दाराशी एवढा थर की दार उघडेना, आत म्हशी हंबरताहेत. फावड्याने दोन घमेली काढली की हात बधिर. शेवटी दादांनी छोट्या ट्रॅक्टरला केणी (माती ओढून सपाट करायचं पातं) जोडली आणि सगळं उकिरड्याकडे लोटलं. द्राक्षबागेकडे त्या दिवशी कोणी गेलंच नाही. व्यापारी माल बघून गेला होता, आठ दिवसांत तोड होती. केणीपुढे गारांबरोबर फुटलेले मणी येत होते, अंगणभर गोड वास. अजून कोणी यंत्राने गारा नाहीतर बर्फ काढलाय का?

कसमादेकर
२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. अर्ली बाग होती, लवकर तोडणीची. बस.

दिंडोरीची सून
@कसमादेकर 😔 आमचीही त्याच दिवशी गेली.
आम्ही पोरांना गारांवर रसना ओतून दिला होता, सासूबाई लई ओरडल्या. "घर बुडालं न् यांना गोळा सुचतो." मग स्वतःच वाटी घेऊन बसल्या.

बर्फातला निफाडकर
तो व्हिडिओवाला आतेभाऊ मीच 😄 दिसतं तेवढं सोपं नाय भो. ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र, मागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा), म्हणजे अख्खं काम रिव्हर्समध्ये. मान मोडते. वारा उलटा फिरला की सगळा बर्फ आपल्याच तोंडावर. वाट खडीची, म्हणून ब्लोअर जरा उचलून धरायचा, नाहीतर दगड आत जातो आणि शिअर पिन तुटते. तुटलेली बरी, नाहीतर गिअरबॉक्सच जातो. खिशात चार पिना कायम. थंडीच्या दिवसांत इंजिनाचा हीटर रात्रभर प्लगला लावायचा, नाहीतर सकाळी ट्रॅक्टर हूं की चूं करत नाही.

उगावकर
आणि इथे असताना साधा नांगर जोडायला सांगितला तर पोटात दुखायचं याच्या

बर्फातला निफाडकर
मामांना सांगू नको

माजी सैनिक, सिन्नर
झोजिला खिंड, साडेतीन हजार मीटर. बीआरओची (सीमा रस्ते संघटना) माणसं दोन्ही बाजूंनी बर्फ कापत यायची, काश्मीरकडून त्यांचा बीकन प्रकल्प, लडाखकडून विजयक. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती, मधून आमची गाडी. डिझेल थंडीने मेणासारखं व्हायचं. वरून कधी कडा सुटेल नेम नाही, तरी डोझरवाला बिडी ओढत निवांत. त्या माणसाला मी आजही मनातून सॅल्यूट करतो.

गोदाकाठ
काका सॅल्यूट तुम्हालाच 🙏
आमच्याकडे बर्फ नाही पण जानेवारीत पानांवर दव गोठतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात आला की वडील रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी तेव्हा कोमट लागतं. पहाटे चारला मोटार चालू करायला मलाच उठवतात, हा खरा अनुभव.

दिंडोरीची सून
गारा पडल्यावर लगेच बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारला का कोणी? आमच्या वेलींच्या काड्या फुटल्या होत्या, पण चिखलात ट्रॅक्टर रुतला. दुसरा आणला ओढायला, तोही रुतला 🤦‍♀️

कसमादेकर
मारला. पुढच्या वर्षीसाठी काडी वाचली. त्या वर्षीचं काय वाचणार होतं.

नवा बागायतदार
केणी जुनी मिळेल का कुठे? २४ एचपीला चालेल अशी. गारांसाठी नाही, शेत सपाट करायचंय.

उगावकर
आमची आहे पडून. एक कोपरा वाकलाय, त्याच दिवशी गोठ्याच्या उंबऱ्याला धडकली होती. दादा विकू देत नाहीत, वापरायला घेऊन जा. येताना ट्रॉली आण.