मदत हवी आहे: चार छोटी न्यूज पोर्टल्स एकत्र आली तर खर्च आणि पैसा कसा वाटायचा?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत आम्ही चौघं आपापलं छोटं न्यूज पोर्टल आणि सोबत यूट्यूब चॅनल चालवतो. कुणाच्याही मागे कारखाना नाही, पक्ष नाही, बिल्डर नाही. ऊसदर, दूधदर, पुराची भरपाई, झेडपीच्या शाळा, रखडलेल्या पाणीयोजना हे आमचे विषय. वाचणारे आहेत, पैशाचं मात्र कठीण आहे. जाहिराती येतात त्या बहुतेक वाढदिवसाच्या, आणि ज्या साहेबांच्या कार्यकर्त्यांकडून त्या येतात त्याच साहेबांच्या संस्थेची बातमी आम्हाला पुढच्या महिन्यात करायची असते.

मागच्या गळीत हंगामातलं सांगते. आमच्यातल्या एकाने एका कारखान्याच्या थकीत एफआरपीची, म्हणजे उसाला कायद्याने द्यावाच लागणाऱ्या दराची, बातमी लावली, ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे आणि इथे शेतकरी दोन-दोन महिने हेलपाटे घालत होते, बातमीतला एकही आकडा कुणी खोडला नाही, पण आठवड्याच्या आत त्या भागातली पतसंस्था, ट्रॅक्टरचं शोरूम, क्लासेस सगळ्यांच्या जाहिराती बंद. वर वकिलाची नोटीस. तिला उत्तर द्यायला जी फी गेली त्यात त्याचा व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोराचा पगार थकला आणि पोरगं सोडून गेलं. बातमी खरी असूनही माणूस असा एकटा पडतो, याचा मला फार त्रास होतो.

म्हणून एकत्र यायचं चाललंय. साखर आयुक्तालयाची माहिती काढायला चौघं वेगवेगळे पुण्याला जातो, एकाच विषयाचे आरटीआय चौघं टाकतो, हे बंद करून पुण्यात साखर संकुलाला आणि मुंबईत मंत्रालयात फिरणारा एक रिपोर्टर चौघांत ठेवायचा, एक वकील, जाहिराती आणणारा एक माणूस, आणि पुढे जमलं तर चारही पोर्टलचं मिळून एकच सबस्क्रिप्शन. बातम्या शेअर करायला सगळे एका पायावर तयार आहेत. पैशाचा विषय निघाला की सगळे गप्प होतात.

तर प्रश्न असे की नोंदणी कशाची करावी, पैसे कुठल्या हिशोबाने वाटावेत, आणि नावं चार ठेवावीत की एक? कुणी असं काही केलं असेल किंवा जवळून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

भीमथडी

ताई, आधी फक्त खर्च एकत्र करा, उत्पन्नाला वर्षभर हात लावू नका. ही पद्धत जुनी आहे. 1846 साली न्यूयॉर्कच्या पाच पेपरांनी मेक्सिको युद्धाच्या बातम्या लवकर आणण्याचा खर्च वाटून घेतला, त्यातूनच असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था उभी राहिली. आपली पीटीआय ही वृत्तसंस्थासुद्धा तशीच, 1947 ला नोंदणी, 1949 ला काम सुरू, मालक म्हणजे वर्गणी भरणारे पेपरच. हे पेपर बाजारात एकमेकांचे स्पर्धकच होते आणि राहिले, फक्त जी बातमी सगळ्यांनाच लागते ती आणायचा खर्च एकदाच केला. तुमचा पुण्याचा रिपोर्टर म्हणजे नेमकं हेच आहे. त्याचा पगार, प्रवास, वकिलाची वर्षाची ठरलेली फी एवढंच वाटून घ्या, आणि समान चार हिस्से नको, प्रत्येकाच्या गेल्या वर्षीच्या कमाईच्या प्रमाणात.

नावं चारच ठेवा. लोक तुमच्या तालुक्यातल्या माणसाला ओळखतात म्हणून वाचतात.

अनघा_ठाणे

मी सीए आहे, त्यामुळे नोंदणीबद्दल लिहिते. तीन पर्याय दिसतात. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सगळ्यात सोपी, कराराने नफा कसाही वाटता येतो, कुणी बाहेर पडणार असेल तर तेही करारात लिहिता येतं. सेक्शन 8 कंपनी केलीत तर देणगी मागायला बरं पडतं पण नफा सभासदांत वाटता येत नाही, म्हणजे सामायिक रिपोर्टर आणि वकील यांच्यासाठी ती चालेल, सबस्क्रिप्शनचे पैसे नफा म्हणून चौघांत वाटायला नाही. तिसरी सहकारी संस्था, तिला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 सभासद लागतात, तुम्ही चौघं आहात. बर्लिनचा ताझ हा पेपर 1992 पासून वाचकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, कल्पना मला मनापासून आवडते, पण आपल्याकडे सहकार खात्याची चौकशी, निवडणुका, प्रशासक हे सगळं मागे लागतं आणि तुमच्या बातम्या ज्यांच्याबद्दल असतात त्यांचं त्या खात्यात वजन किती हे तुम्हाला मी सांगायला नको.

सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे. चौघांचे पैसे एकाच खात्यात आले की ती एकट्यापेक्षा लवकर गाठाल, तेव्हा सबस्क्रिप्शनची किंमत ठरवतानाच कर धरून चाला.

न्यूजर्सीकर

मूळचा कराडचा. इथल्या मंडळाच्या ग्रुपवर हा धागा टाकला तर निदान पाच-सहा जण लगेच पैसे पाठवायला तयार झाले. कसे पाठवायचे?

अनघा_ठाणे

दादा, थोडं थांबा. बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्या संस्थांना एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याने विदेशी देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे विदेशी धरत नाहीत, पण अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असूनही ते विदेशीच. इकडे या चौघांवर बोट ठेवायला टपलेले लोक आहेत, तेव्हा आधी कुणाकडे कुठला पासपोर्ट आहे ते बघा, आणि वारणाकाठ ताई, लेखी सल्ला घेतल्याशिवाय बाहेरचा एक रुपया घेऊ नका.

सबस्क्रिप्शनवाला

पुण्यात एका कंपनीत सबस्क्रिप्शनचंच काम करतो. एकत्र सबस्क्रिप्शनचं देशातलं उदाहरण म्हणजे न्यूजलाँड्री आणि द न्यूज मिनिट ही दोन न्यूज पोर्टल्स. एक दिल्लीचं, एक बेंगळुरूचं, दोघांचे वाचक वेगळे, म्हणून एकाच वर्गणीत दोन्ही देणं वाचकाला परवडतं आणि एकमेकांचं गिऱ्हाईक पळत नाही. 2024 मध्ये निवडणूक रोख्यांची माहिती बाहेर आली तेव्हा या दोघांनी स्क्रोल आणि काही स्वतंत्र पत्रकारांना बरोबर घेऊन एकत्र बातम्या केल्या, कारण ती यादी एका न्यूजरूमला पेलणारी नव्हती. न्यूजलाँड्रीचं अजून एक घेण्यासारखं आहे, ठरावीक बातमीसाठी वाचकांकडून पैसे उभे करायचे. 'या हंगामातल्या एफआरपीचा पाठपुरावा, इतका खर्च' असं सांगून मागितले तर शेतकऱ्यांची पोरं शंभर-दोनशे नक्की देतील, कारण त्यांच्या घरच्या पैशाचा प्रश्न आहे. महिन्याच्या वर्गणीपेक्षा सुरुवात इथून करा असं मला वाटतं.

वाटपाचं म्हणाल तर 2011 मध्ये स्लोव्हाकियात पियानो नावाच्या कंपनीने नऊ प्रकाशनसंस्थांचं मिळून एक सबस्क्रिप्शन काढलं होतं, महिन्याला 2.90 युरो. त्यातले 40 टक्के ज्या साइटवरून वाचकाने पैसे भरले तिला, 30 टक्के वाचकाने कुठे किती वेळ घालवला त्या हिशोबाने, आणि 30 टक्के कंपनीला. तुमच्यात ते कंपनीचे 30 टक्के रिपोर्टर आणि वकिलाच्या खात्यात टाका. बाकी सूत्र जसंच्या तसं चालेल.

वारणाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. सूत्र पटलं पण एक अडचण आहे. आमचा सोलापूरचा सहकारी दुष्काळी पट्ट्यात काम करतो, त्याच्या टँकरच्या आणि छावण्यांच्या बातम्या आमच्या चौघांत सगळ्यात महत्त्वाच्या असतात आणि बघणारे सगळ्यात कमी. वेळेच्या हिशोबाने वाटलं तर त्याच्या हातात काहीच येणार नाही आणि मग तोही उद्या दहीहंडीचे व्हिडिओ टाकायला लागेल.

सबस्क्रिप्शनवाला

मग वेळेचा हिस्सा 30 वरून 15 वर आणा आणि उरलेले 15 चौघांत समान वाटा. हे आत्ताच करारात घाला, पैसे यायला लागल्यावर कुणी ऐकणार नाही.

माणदेशी

पैशांच्या आधी एक विचारतो. उद्या चौघांपैकी एकाने आमदाराच्या वाढदिवसाची पान भरून जाहिरात घेतली आणि त्याच आठवड्यात बाकी तिघं त्याच आमदाराच्या टेंडरची बातमी करतायत, तर? लोक चौघांनाही विकलेले म्हणतील. जाहिरात कुणाची घ्यायची नाही याची एक लेखी यादी हवी, आणि ती चारही पोर्टलवर वाचकांना दिसेल अशी लावा.

दुसरं, एकच बातमी चौघांनी छापली की मानहानीची नोटीस चौघांनाही येऊ शकते, बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम 356 प्रत्येक छापणाऱ्याला लागू शकतं. म्हणून सामायिक बातमी लावायच्या आधी ज्याने ती केलेली नाही अशा एकाने सगळे कागद तपासायचे आणि सही करून ठेवायची. आमच्याकडे एका साप्ताहिकाच्या संपादकांना कोर्टाच्या तारखांना जाताना लहानपणापासून बघितलंय, सोबत कुणी नसायचं. तुम्ही चौघं आहात हेच मोठं आहे ताई, त्या वकिलाच्या खर्चात काटकसर करू नका.

वारणाकाठ

माणदेशी दादा, यादीचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आमच्यात त्यावरूनच वाद होणार हे आत्ताच दिसतंय, कारण एकाचं निम्मं उत्पन्न वाढदिवसांचं आहे. त्याला एकदम बंद कर म्हणणं बरोबर नाही, त्याच्या घरात दुसरा पगार नाही. पहिलं वर्ष त्याची जाहिरात कमी होईल तेवढी भरपाई सामायिक खात्यातून द्यावी असं मी सुचवणार आहे. अनघाताई, एलएलपीत अशी एकाच भागीदाराला ठरावीक रक्कम देता येते का?

अनघा_ठाणे

येते. करारात त्या भागीदाराचं नाव, रक्कम आणि मुदत स्पष्ट लिहा, बाकी तिघांच्या सह्या घ्या. टॅक्समध्ये ती रक्कम कशी दाखवायची ते मात्र करार करण्याआधी ठरवावं लागेल. मसुदा तयार झाला की मला मेसेज करा, फी नको, मी बघून देते.