दोन पीएचसी आणि 384 बायका, थीसिसचं डिझाइन बरोबर आहे का?

पीएसएम_रेसिडेंट
नमस्कार मंडळी, पीएसएममध्ये (सामुदायिक आरोग्याचा विषय) एमडी करतेय, सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) द्यायची वेळ आलीय. आशाताईंनी घरी जाऊन लोहाच्या गोळ्यांबद्दल नीट समजावलं तर गरोदर बायकांचं एचबी (हिमोग्लोबिन) वाढतं का, हा विषय. एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) समजावणार, शेजारच्या पीएचसीत नेहमीचंच चालू ठेवणार. सॅम्पल साइज 384, निम्मे निम्मे, आमच्याकडे बहुतेक थीसिसमध्ये हाच आकडा असतो. पण एक सिनियर म्हणतो दोनच पीएचसी घेतल्या तर सगळंच गंडलं. खरंय का? मग कंट्रोल (तुलनेचा गट) न घेता नुसतं आधी-नंतर मोजलं तर चालेल?

आकडेमोड
सिनियर बरोबर बोलतोय. 384 हा सर्व्हेचा आकडा आहे, प्रमाण 50 टक्के धरून 5 टक्के मागेपुढे एवढ्या अचूकतेनं काढायचं असेल तर तो येतो, दोन गटांची तुलना करताना त्याचा काही उपयोग नाही. आधी किती फरक पकडायचाय ते ठरव. समजा एचबीत अर्धा ग्रॅम, एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) 1.5, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के, तर एका गटात 142 बायका. पण तू एकेक बाई गटात वाटत नाहीयेस, अख्खी गावं वाटतेयस. एका गावातल्या बायका एकाच आशाताईचं ऐकतात, त्यांचं खाणंपिणंही सारखंच, म्हणून त्यांचे आकडे एकमेकींसारखे येतात. आयसीसी (हा सारखेपणा किती ते सांगणारा आकडा) 0.05 आणि गावाला 10 बायका धरल्या तर डिझाइन इफेक्ट (सॅम्पल कितीपट वाढवायचं ते) 1.45, म्हणजे एका गटात 206 बायका, एका बाजूला 21 गावं. तुझ्या प्लॅनमध्ये एका बाजूला क्लस्टर (एकत्र वाटलेला समूह) एकच, ती पीएचसी! तिथला एमओ (मेडिकल ऑफिसर) चांगला असेल, गोळ्यांचा स्टॉक वेळेवर येत असेल, तर फरक नेमका कशानं पडला हे हजार बायका घेऊनही कळणार नाही. दोन्हीकडची गावं एकत्र कर आणि कुठलं गाव कुठल्या गटात यासाठी चिठ्ठ्या टाक. एक आशाताई दोन गावं बघत असेल तर ती दोन्ही एकाच बाजूला.

तालुक्याचा_डॉक्टर
आधी-नंतर अजिबात नको. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत एचबी आपोआप उतरतं, मग गोळ्या नियमित घेऊनही तुला वाटणार काही फायदाच झाला नाही. उलट एचबी 9 च्या खाली असलेल्याच बायका निवडल्या तर पुढचं रीडिंग काहीच न करता थोडं वर येतं. कंट्रोल असेल तर दोन्हीचा हिशोब लागतो. आणि मोजणाऱ्याला गाव कुठल्या गटातलं ते सांगू नकोस, मशीन दोन्हीकडे एकाच मेकचं ठेव. हो, पहिलटकरणी सातव्यात माहेरी जातात! नाव नोंदवतानाच माहेरचं गाव आणि तिथला फोन लिहून घे, नाहीतर शेवटी निम्म्या सापडायच्या नाहीत.

वाचक_गडचिरोली
चिठ्ठ्या टाकणं जमलंच नाही तर बेसलाइन (काम सुरू करण्याआधीचं मोजमाप) तरी घे. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास बघ, डॉ. अभय आणि राणी बंग यांचा, लॅन्सेटमध्ये 1999 ला आलेला. 39 गावांत काम, 47 गावं कंट्रोल. काम सुरू करण्याआधी 1993-95 मध्ये दोन्हीकडे नवजात बाळांचे मृत्यू मोजले होते, हजार जिवंत जन्मांमागे 62 आणि 58. म्हणजे सुरुवात जवळपास सारखीच. नंतर तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांत 25.5 आणि कंट्रोलमध्ये 59.6. त्या आधीच्या आकड्यांमुळेच नंतरच्या फरकावर विश्वास बसतो. नुसता शेवटचा आकडा दिला असता तर 'ती गावं मुळातच बरी होती' असं कुणीही म्हणालं असतं.

पीएसएम_रेसिडेंट
खूप आभार सगळ्यांचे. पण दोन्ही पीएचसी मिळून गावं 38च आहेत, 42 कुठून आणू?

आकडेमोड
जमतंय की. एका बाजूला 19 गावं, गावाला 12 बायका, डिझाइन इफेक्ट 1.55, म्हणजे 220, आणि 19 गुणिले 12 म्हणजे 228. माहेरी जाणाऱ्या धरून गावाला 14 नोंदव. लहान गावात तेवढ्या एकदम मिळणार नाहीत, म्हणून नोंदणी काही महिने चालू ठेव. एसडी आणि आयसीसी मी उदाहरणाला धरलेत हां, तुझ्या भागातल्या जुन्या अभ्यासातून काढ आणि सिनॉप्सिसमध्ये कुठून घेतले ते लिही. आणि सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिली बाई घेण्याआधी, नंतर नाही.